मानसोपचाराच्या तीन जागा

३ नोव्हेंबर, सोमवार

पीजीच्या जागांची यादी लागली. माझ्या गुणांना मानसोपचाराच्या तीन जागा मिळण्यासारख्या आहेत. वहीत तक्ता केला. कॉलेजांची नावं लिहिलेली नाहीत, कारण आमच्या घरात वही कोणीही उघडतं. मुंबईतली जागा क, विदर्भातली ख, घाटावरची ग.

मुंबईत भूलशास्त्राच्याही दोन जागा मिळू शकतात. त्या तक्त्याच्या तळाशी लिहून ठेवल्या. भूलशास्त्रात पेशंट झोपलेला असतो. त्याला काही विचारावं लागत नाही.

यादी २८ तारखेला संध्याकाळी पाचपर्यंत लॉक करायची आहे. तोवर पाचही जागा नीट तपासायच्या आणि मगच क्रम लावायचा.

मिथुनला जाऊन आज त्रेपन्न दिवस झाले.

४ नोव्हेंबर, मंगळवार

आई दातांसाठी पालघरला गेली. मी आरोग्य केंद्रातली ड्युटी संपवून आले तेव्हा बाबा ओट्यावर बसलेले होते. आमची बोट खाडीत उभी आहे. खलाशी दुसऱ्या बोटींवर गेले, चुलतभाऊ कमलेशसुद्धा. बाबा कुणाला काही बोलले नाहीत. माझ्याशीही "जेवलीस काय" एवढंच बोलतात. त्याचं कारण मला माहीत आहे.

६ नोव्हेंबर, गुरुवार

इंटर्नशिपला असताना आमचे सर म्हणायचे, केस अशी लिहा की वाचणाऱ्याला आधीचं काहीच माहीत नाही. आज तशी लिहून बघते.

मिथुन, वय तेवीस, अविवाहित, राहणार शिरगाव. माझा धाकटा भाऊ. केमिकलचा डिप्लोमा करून तारापूरच्या एका कंपनीत ऑपरेटर. मे महिन्यात त्याच्या पाळीत रिॲक्टर फुटला. त्याचा जोडीदार सुजीत भाजला. मिथुनने त्याला उचलून बाहेर आणलं. सुजीत तिसऱ्या दिवशी गेला.

मुख्य तक्रार: तक्रार त्याने केलीच नाही. आम्हाला दिसलं ते असं. झोप नाही. कुकरची शिट्टी झाली की घरातून बाहेर जायचा. आई मग भात टोपात शिजवू लागली. हात सारखे धुवायचा. जूनमध्ये नोकरी सोडली. लग्न डिसेंबरात ठरलं होतं, मुलीशी फोनवर बोलणं बंद केलं.

उपचार: काही नाही. पालघरच्या दवाखान्यात मंगळवारी मानसोपचाराची ओपीडी असते. तिथल्या डॉक्टरांना मी व्हरांड्यात गाठून विचारलं होतं, की माझ्या ओळखीचा एक मुलगा आहे. ते म्हणाले, "घेऊन या मंगळवारी." मी नेलं नाही. केसपेपरच्या खिडकीत आमच्या गावचा मनीषदादा बसतो. मिथुनचं नाव त्या रजिस्टरात गेलं की गावात जाईल आणि लग्न मोडेल, असा विचार केला.

आमच्याकडे माणूस मनातून बिघडला की त्याला बोटीवर घालतात. दर्यावर डोकं थंड होतं म्हणतात. चार जणांच्या बोटीवर माणूस एकटा पडत नाही, हे मलाही पटत होतं. ऑगस्टमध्ये बोटी सुरू झाल्या तेव्हा मी त्याला म्हणाले, "बाबांबरोबर जा." मी ते बहीण म्हणून बोलले. त्याने डॉक्टरचं ऐकलं असेल.

११ सप्टेंबरला सकाळी तो बोटीवरून पाण्यात गेला. तिसऱ्या दिवशी डहाणूच्या बाजूला सापडला. पाय घसरला असं सगळे म्हणतात. पंचनाम्यातही तेच आहे. मीही तसंच धरते.

८ नोव्हेंबर, शनिवार

क मध्ये दुसऱ्या वर्षाला असलेल्या दिपेशला फोन केला. कॉलेजात तो मला दोन वर्षं पुढे होता.

"सायकियाट्री म्हणजे आराम असं कोणी सांगितलं असेल तर त्याचा नंबर दे," तो म्हणाला. "रोज दोनशे पेशंट. पेशंट जरा मोठ्याने बोलला की मेडिसिनवाले आमच्याकडे ढकलतात. कमी बोलला तरी ढकलतात."

मी माझे प्रश्न वाचून दाखवले. नव्या पेशंटला किती मिनिटं मिळतात? अपघात पाहिलेल्या माणसांसाठी वेगळी ओपीडी आहे का? पेशंट स्वतःहून येत नसेल तर काय करता? पंचविशीच्या आतले पुरुष पेशंट किती?

तो म्हणाला, "तेजल, लोक मला हॉस्टेलचं विचारतात. मेसचं विचारतात. हे तू कुठून काढलंस?"

मी म्हणाले, सर्वसाधारण प्रश्न आहेत.

नव्या पेशंटला दहा मिनिटं. क ला त्या रकान्यात पाचपैकी दोन दिले. घरापासून अंतर, पाचपैकी पाच.

१२ नोव्हेंबर, बुधवार

ख शी बोलणं झालं. मोठं मनोरुग्णालय जोडलेलं आहे. गंभीर आजार भरपूर बघायला मिळतात, परीक्षेचा निकाल उत्तम. वॉर्ड बंद असतात, नातेवाईक आठवड्यातून दोनदा भेटतात. शिकायला ख सगळ्यात चांगलं, असं तीन जणांनी सांगितलं. रात्रभर गाडीचा प्रवास.

आरोग्य केंद्रात आज कुंभवलीचे दोन कामगार आले, हाताला केमिकल लागलं होतं. मलमपट्टी केली. एकाने विचारलं, "मॅडम, आपकी तबीयत ठीक है?" केंद्रात गरम फार होतं.

१६ नोव्हेंबर, रविवार

कमलेश आला होता. आईने चहा दिला. मी कसली डॉक्टर होणार त्याचा विषय निघाला.

"वेड्यांची?" कमलेश म्हणाला. "मग आपल्याच आळीत दवाखाना टाक. पयला पेशंट माझा सासरा. दोन घोट घेतले की बिनापाण्याचा पोहतो तो."

आई हसली नाही. म्हणाली, "भूल दे, टाके घाल, काय पण कर. दारावर तसली पाटी नको. मिथुनचं नाव लोक त्या पाटीला जोडतील. पाय घसरला त्याचा."

"काकी, मी कुठं काय बोललो?"

"नाय बोललास. बोलू पण नको."

कमलेशने बशीत पाहिलं. त्या दिवशी तोही बोटीवर होता. जाळ्याच्या बाजूला होता, त्याने काही पाहिलं नाही, असं त्याने पंचनाम्यात सांगितलं आहे.

तो गेल्यावर आई भांडी विसळता विसळता म्हणाली, "तिथं ऐकून घ्यायला शिकवतात काय? म्हणजे पेशंट रडायला लागला तर घड्याळाकडं न बघता?"

मी म्हणाले, शिकवतात, पण वेळ कमी असतो.

"वेळ नसला तरी एखादा बघत नाय घड्याळाकडं," आई म्हणाली.

तिला असं कोणी सांगितलं कोण जाणे. बाजारात बायका काहीही बोलतात.

१८ नोव्हेंबर, मंगळवार

आई परत पालघरला, दातांसाठी. येताना भाजी आणली आणि आज स्वतः जेवली. अर्धी भाकरी, पण जेवली.

१९ नोव्हेंबर, बुधवार

दुपारी ग ला फोन. छोटं कॉलेज, मानसोपचाराच्या दोनच जागा. रिद्धी नावाची शेवटच्या वर्षाची रेसिडेंट बोलली. आवाज शांत. नव्या पेशंटला पाऊण तास. वॉर्डात घरच्या एका माणसाने पेशंटसोबत राहायचंच असा नियम आहे. चार पेशंट असले तर चार घरची माणसं. "कधी कधी पेशंटपेक्षा त्यांच्याशीच जास्त बोलावं लागतं," ती म्हणाली.

मी तिसरा प्रश्न वाचला, पेशंट स्वतःहून येत नसेल तर काय करता?

तिने विचारलं, "तुमचं कोण होतं?"

मी म्हणाले, हा सर्वसाधारण प्रश्न आहे.

"बरं," ती म्हणाली आणि पुढे काहीच बोलली नाही. फोन चालू होता. मग मी भाऊ म्हणाले. मग बाकीचंही सांगितलं, कुकरचं, हातांचं. किती वेळ बोलले कळलं नाही. बाहेर शिपाई पेशंट थांबलेत म्हणून डोकावून गेला.

शेवटी तिने विचारलं, तुम्ही झोपता का, जेवता का, घरात आणखी कोण आहे आणि ते कसे आहेत. माझे निम्मे प्रश्न राहूनच गेले. स्टायपेंड, हॉस्टेल, ग्रंथालय हे रकाने रिकामे आहेत. तिला तुलनात्मक माहिती देता आली नाही म्हणून ग चे गुण कापायला हवेत. उद्या कापीन.

२२ नोव्हेंबर, शनिवार

बाबांनी आज वही पाहिली. उघडी राहिली होती. ओट्यावर शेजारी येऊन बसले.

"क, ख, ग म्हणजे काय?"

मी सांगितलं.

"ह्यातल्या कुठं घरच्यांना आत ऱ्हाऊ देतात?"

"ग मध्ये राहावंच लागतं. क मध्ये जागा असली तर. ख मध्ये नाही."

"असं ठिकाण असतं, हे तुला म्हायत होतं?"

"हो."

बाबांनी खाडीत उभ्या बोटीकडे पाहिलं. मग म्हणाले, "मी ऱ्हायलो असतो. बोट बंद ठेवून ऱ्हायलो असतो त्याच्याजवळ."

उठून आत गेले. त्यांचा राग मला समजतो. मला माहीत होतं आणि मी सांगितलं नाही.

क्रम बदलला. भूलशास्त्र वर घेतलं. ज्याच्या घरातली केस चुकली त्याने दुसऱ्यांच्या घरात जाऊ नये, असं वाटतं.

२५ नोव्हेंबर, मंगळवार

आजचं सविस्तर लिहायला हवं.

सकाळी केंद्रात मनोरकडची एक बाई आली, ठकी नावाची. नवऱ्याला घेऊन आली होती. जिवल्या, वय तिसेक. वीटभट्टीवरून पळून आलेला, आठ दिवस झोप नाही, भिंतीला कान लावून बसतो. भगताकडे दोनदा नेऊन झालं होतं.

"कोंबडा पण दिला," ठकी म्हणाली. "कोंबडा खाऊन भगत झोपला. ह्यो जागाच."

जिवल्या हसला. मलाही हसू आलं, फार दिवसांनी. मग लक्षात आलं की आज मंगळवार. मी तिथल्या ओपीडीसाठी चिठ्ठी लिहायला घेतली आणि थांबले. चिठ्ठी दिली तर ते पालघरला जाणार नाहीत, घरी जातील. केंद्राच्या गाडीत दोघांना बसवलं आणि स्वतः सोबत गेले.

केसपेपरच्या खिडकीत मनीषदादा होता. जिवल्याचं नाव मी सांगितलं. त्याने लिहून घेतलं, हातात सतरा नंबरचा बिल्ला दिला.

बाकावर बसले. वीस-पंचवीस माणसं होती. मनीषदादा एकेक नंबर पुकारत होता. "बारा." "तेरा." कुणाचंही नाव नाही. "चौदा," त्याने तीनदा पुकारलं. कोणी उठलं नाही. त्याने माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे. चौदा पुढच्या मंगळवारी येतील."

जिवल्या आत गेला तेव्हा मी खिडकीशी गेले. विचारलं, "दादा, नावं का पुकारत नाही?"

"इथं कोण नाव पुकारतो?" तो म्हणाला. "बारा वर्षं बसतोय मी ह्या खिडकीत. आपल्या गावची अकरा माणसं येतात, तेजल. अकरा. बोटवाले हायत, मास्तर हायत, लग्न झालेल्या पोरी हायत. एकाला दुसऱ्याचं म्हायत नाय. माझ्या बायकोला पण म्हायत नाय."

मी मागे वळून बाकाकडे पाहिलं.

त्याने आवाज खाली केला. "मिथुनला मी मे महिन्यानंतर नाक्यावर बघायचो. बसलेला असायचा. मला वाटायचं, ताई डॉक्टर हाय, ती आणील मंगळवारी. दोन-तीन मंगळवार मी एक बिल्ला बाजूला काढून ठेवला होता, गर्दीत थांबायला नको म्हणून."

मागून कुणीतरी केसपेपर पुढे केला. मनीषदादा तो घेऊन लिहायला लागला.

जिवल्याला औषध सुरू झालं. पंधरा दिवसांनी बोलावलंय. ठकीने जाताना विचारलं, "बाई, तुमी पण येल ना?" मी हो म्हणाले.

घरी आले तर आई पालघरहून आधीच परतली होती. दातांचे डॉक्टर आज भेटले नाहीत म्हणाली. एवढे दिवस दातांवर लागू नयेत. दुसरा डेंटिस्ट बघायला हवा.

२६ नोव्हेंबर, बुधवार

केंद्रात गेले नाही. दिवसभर पडून होते.

अकरा माणसं.

२७ नोव्हेंबर, गुरुवार

यादी भरली. तीनदा बदलली. सध्याचा क्रम असा: भूलशास्त्र, भूलशास्त्र, क, ग, ख. लॉक करायला गेले तेव्हा कळलं की ओटीपी मोबाइलवर जातो, आणि फॉर्ममधला मोबाइल मिथुनचा आहे. एप्रिलमध्ये परीक्षेचा फॉर्म त्यानेच भरला होता. माझा फोन तेव्हा बिघडला होता. असली कामं तोच करायचा. "तू फक्त पास हो, बाकीचं मी बघतो," म्हणाला होता.

नंबर बदलायला अर्ज, प्रतिज्ञापत्र, चार दिवस. हेल्पलाइनवर हेच सांगतात. उद्या शेवटचा दिवस.

त्याचा फोन कुठे आहे मला माहीत नाही. त्याच्याबरोबर गेला असेल. आईला विचारवत नाही.

२८ नोव्हेंबर, शुक्रवार

यादी लॉक झाली. कशी झाली ते लिहिते.

दुपारी तीन वाजता लॅपटॉप घेऊन ओट्यावर बसले होते. यादी भरलेली, लॉक करता येत नाही, म्हणजे या वर्षीची जागा गेली. मला वाईट वाटत नव्हतं, सुटल्यासारखं वाटत होतं. बाबा आले, काय अडलं विचारलं. मी सांगितलं.

बाबा आत गेले. कपाटातून मिथुनचा फोन आणला. चालू होता. चार्जिंग पूर्ण.

"सिम बंद झालं असेल, बाबा. अडीच महिने झाले."

"रिचार्ज मी मारतो," ते म्हणाले. "तारीख संपायच्या आत मारतो."

मी फोन हातात घेतला नाही. म्हणाले, "हा तुमच्याकडे कसा?"

बाबा बसले. म्हणाले, "त्या दिवशी सकाळी त्यानंच दिला. ठेवा बाबा, भिजेल, म्हणाला."

मी लॅपटॉप बाजूला ठेवला.

"भिजायला पाणी कुठं होतं?" बाबा म्हणाले. "दर्या ताटासारखा सपाट. पाऊस नाय, वारा नाय. मी घेतला नि खिशात टाकला. एक शब्द विचारला नाय, तेजल. पन्नास वर्षं दर्यावर काढली. ढगाकडं बघून सांगतो काय होणार. पोराकडं बघितलं नाय."

मग मी सांगितलं. त्याला बोटीवर जा असं मी म्हणाले होते. दवाखान्यात न्यायला हवं होतं, मनीषदादा बघेल म्हणून नेलं नाही. सगळं सलग सांगितलं. बाबा माझ्यावर रागावलेत हे मला माहीत आहे, असंही म्हणाले.

"तुझ्यावर?" बाबा म्हणाले. त्यांना खरंच कळलं नाही. "मला तुझ्या तोंडाकडं बघवत नव्हतं. तू त्याला माझ्या हातात दिला होतास."

थोड्या वेळाने म्हणाले, "त्यानं सांगितलं होतं मला. ताई बोलली म्हणून आलो. पयले चार दिवस बरा होता. जेवायचा."

"मी चुकले, बाबा."

ते नाही म्हणतील असं वाटलं. ते म्हणाले, "चुकलीस. मी पण चुकलो." मग लॅपटॉपकडे हात केला. "त्या घाटावरच्या ठिकाणी शिकवतात काय, फोन दिला तर काय विचारायचं ते?"

"शिकवतात."

"मग ते वर लिही."

आई दारात उभी होती. कधीपासून ते माहीत नाही. मला वाटलं, पाटीचं बोलेल. ती म्हणाली, "लांब हाय तर लांब हाय. आमी ऱ्हातो. मी बघते ह्यांच्याकडं." आणि आत गेली.

ग पहिला. क दुसरा. ख तिसरा. भूलशास्त्राच्या दोन्ही जागा काढून टाकल्या. चार वाजून दहा मिनिटांनी लॉकचं बटण दाबलं. मिथुनचा फोन बाबांच्या हातात वाजला. त्याने ठेवलेली तीच रिंग होती. बाबांनी चष्मा लावला आणि आकडे एकेक करून वाचले. चार आकडे वाचून थांबले.

"पुढे?" मी म्हणाले.

त्यांनी शर्टाने चष्मा पुसला आणि उरलेले दोन वाचले.

लॉक झालं. लगेच फोनवर आणखी एक मेसेज आला. बाबांनी तोही मोठ्याने वाचला. तुमचे पसंतीक्रम यशस्वीरीत्या नोंदवले गेले आहेत, अभिनंदन.

मेसेजकडे बघत त्यांनी विचारलं, "ह्याला उत्तर धाडायचं असतं काय?"

"नाही, बाबा. ह्याला उत्तर नसतं."

"बरं," बाबा म्हणाले. फोन हातातच होता.